तीन बोटांची चिमूट

लिहायला शिकण्याची सुरुवात पेन्सिलीपासून होत नाही, हे मला चेन्नईच्या उंबरठ्यांवर दिसलं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत तांदळाचं पीठ धरायचं, चिमूट हळूहळू सैल करत हात चालता ठेवायचा आणि रेघ एकसारखी पडू द्यायची. ज्या बोटांना हे साधलं त्यांना पेन्सिल कशी धरायची ते वेगळं सांगावं लागत नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, मैलापूरच्या गल्ल्यांत पहाटे दारासमोर झाडून, सडा घालून मोठमोठे कोलम, म्हणजे पिठाच्या रांगोळ्या, काढतात. आजी कमरेत वाकून ठिपके मांडत असते आणि शेजारी तीन-चार वर्षांची नात उकिडवी बसलेली असते. तिला तिची वीतभर ओली जागा आणि करवंटीत थोडं पीठ दिलेलं असतं. तिच्याकडून ठिपका पडत नाही, ढीग पडतो. दुसऱ्या दिवशीही ढीगच. कुणी तिचा हात धरून गिरवून घेत नाही, कुणी पुसून नीट करून देत नाही. महिना संपत येतो तसे ढीग लहान होतात, मग ओळीत येतात. एखाद्या सकाळी ती दोन ठिपक्यांभोवतून वळसा घेऊन रेघ पुन्हा सुरुवातीला आणून जोडते आणि मान वर करून बघते.

बोटांच्या या तीन टोकांवर मारिया मॉन्टेसरींचं फार लक्ष होतं. त्यांच्या साहित्यात लाकडाचे लांबट ठोकळे असतात, प्रत्येकात दहा खोबण्या आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. कुठे उंची बदलते, कुठे जाडी. प्रत्येक दट्ट्यावर एक लहानसं बोंड असतं आणि ते याच तीन बोटांनी धरावं लागतं. मूल दट्टे काढतं, मिसळतं, परत बसवतं. चूक झाली तर शेवटी एक दट्टा उरतो, तो कुठेच बसत नाही. चुकलं हे सांगायला बाई लागत नाहीत, लाकूडच सांगतं. त्यापुढे खरखरीत कागदाची अक्षरं येतात, त्यांवरून बोटं फिरवायची. म्हणजे मूल अक्षर लिहायला बसतं तेव्हा बोटांची ताकद, मनगटाचं वळण आणि अक्षराचा आकार या तिन्ही गोष्टी त्याच्या हातात आधीच आलेल्या असतात. बाई मूळच्या डॉक्टर. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं, ते मुलांकडे बघायची डॉक्टरी नजर घेऊनच.

आणि या बाई आमच्या शेजारी राहून गेल्या आहेत. मी लेकीकडे बेझंटनगरला राहते. सकाळच्या फेरीत थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारावरून जाताना मला ही गोष्ट आठवत नाही असा दिवस विरळा. सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांच्या आमंत्रणावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये मॉन्टेसरी आणि त्यांचा मुलगा मारिओ अड्यारला आले. वय एकोणसत्तर. झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांत शिक्षकांचा वर्ग भरला. देशभरातून सुमारे तीनशे जण आले. बाई इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ वाक्यावाक्याला इंग्रजी करी. बेत काही महिन्यांचा होता. राहिल्या १९४६ पर्यंत.

कारण युद्ध. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर पडायची बंदी झाली आणि मारिओला नेलं अहमदनगरच्या छावणीत. माझं माहेर नगरचं. दोन वर्षांनी नेहरूंना नगरच्या किल्ल्यात ठेवलं ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरही सांगतं, पण मारिओचं नाव मी माहेरी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ३१ ऑगस्टला बाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा व्हाइसरॉयनी वाढदिवसाची भेट म्हणून मारिओला सोडलं, आणि तसं कळवताना त्याचा उल्लेख सरळ 'मुलगा' असा केला. तोवर जगापुढे तो बाईंचा भाचा किंवा मानलेला मुलगा होता. ज्या बाईंनी साऱ्या जगाच्या लेकरांसाठी आयुष्य वेचलं, त्यांना स्वतःचं लेकरू असं परक्या सरकारच्या तारेतून उघडपणे मिळावं, हे वाचताना माझे डोळे दरवेळी भरून येतात.

इथल्या वर्षांचा त्यांच्या विचारावर ठसा उमटला. पुढे कोडाईकनालच्या डोंगरावर त्यांनी मुलांबरोबर झाडं, किडे, पाणी, दगड यांच्यात काम केलं. तीन वर्षांच्या आतलं मूल आसपासचं जग आणि भाषा कशी शोषून घेतं यावरचं त्यांचं पुस्तक १९४९ साली अड्यारहूनच प्रसिद्ध झालं. आईच्या कडेवर बसून घरभर, बाजारभर फिरणारं मूल काय काय ऐकतं, बघतं, याबद्दल त्यांनी त्यात आपुलकीने लिहिलं आहे. या शहरात ते रोज डोळ्यांसमोर आहे. माझा नातू चौथ्या वर्षात आहे. तो माझ्याशी मराठी बोलतो, समोरच्या मामींना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणतो आणि त्यांच्या घरात पाऊल टाकताच तमिळ होतो. त्याला कुणी दोन भाषांचे धडे दिलेले नाहीत.

मामींच्या स्वयंपाकघरात त्याचं एक आवडतं काम आहे. इथे कॉफी टंबलर-डवऱ्यात देतात. टंबलर म्हणजे काठाचा लहान पेला आणि डवरा म्हणजे खाली ठेवायची पसरट वाटी. कॉफी एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणायचा. मामींनी त्याला रिकामी जोडी दिली, आधी मूठभर तूरडाळ घालून आणि मग पाणी घालून. खाली ताट. तो ओततो, परत ओततो. डाळीचा आवाज वेगळा, पाण्याचा वेगळा. पेला भरत येतो तसा आवाज बारीक होत जातो, हे त्याने स्वतः शोधून काढलं आणि त्यानंतर तो ओतताना कान पेल्याकडे नेऊ लागला. सांडलं की फडकं घेऊन पुसतो आणि पुन्हा सुरू करतो. मामी आपली भाजी चिरत बसतात. 'शाबास' म्हणत नाहीत, 'पुरे' म्हणत नाहीत.

रोमच्या बालगृहातली एक गोष्ट मॉन्टेसरींनी लिहून ठेवली आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी दट्ट्यांच्या ठोकळ्यात गुंतली होती. बाईंनी बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालूच ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केलं आणि मग आपण होऊन थांबली. चेहरा थकलेला नव्हता, ताजातवाना होता. बाईंची सगळी पद्धत या एका दृश्यातून उभी राहिली असं म्हटलं तर चूक ठरू नये. मुलाला आनंद देण्यासाठी आपण बाहेरून काही आणावं लागत नाही. त्याच्या हाताला त्याच्या मापाचं खरं काम मिळालं आणि मध्ये कुणी आलं नाही की आनंद त्या कामातच असतो. आणि तो आनंद गंभीर असतो. बुडून काम करणारं मूल हसत नसतं. मोठ्यांची इथेच गफलत होते. त्यांना हसणारं, टाळ्या वाजवणारं मूल शिकतंय असं वाटतं, आणि ओठ मुडपून पाणी ओतणारं मूल रिकामटेकडं.

म्हणूनच आजच्या प्री-केजीत 'ॲक्टिव्हिटी' म्हणून जे चालतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी मी अस्वस्थ होते. आंब्याचं चित्र छापलेलं, मुलाने रेषेच्या आत पिवळा रंग भरायचा. कागदाचे तुकडे मोठ्यांनी कापलेले, डिंक मोठ्यांनी लावलेला, मुलाने फक्त दाबायचं आणि मग सगळ्यांचा एकसारखा मोर पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जायचा. त्या मोरात मुलाचं काय असतं? अर्ध्या तासाची घंटा वाजली की रंग आवरून मण्यांकडे, मणी आवरून गाण्याकडे. ज्या वयात लक्ष एका जागी रुजायचं, त्या वयात आपण ते दर अर्ध्या तासाला उपटतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशाच्या चाचण्यांना मनाई केली, तरी साडेतीन वर्षांच्या पोराला रंगांची इंग्रजी नावं घोकायला लावणाऱ्या आया मला बागेत भेटतात. त्यांचा दोष नाही. त्या घाबरलेल्या आहेत. त्यांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं की चिंचोके मोजणारं मूल मागे पडत नाही.

चिंचोक्यांचं सांगते. इथे पल्लांगुळी नावाचा जुना खेळ आहे. लाकडी पाटावर समोरासमोर सात-सात असे चौदा खळगे, त्यांत चिंचोके किंवा कवड्या. एका खळग्यातले सगळे उचलायचे आणि पुढच्या प्रत्येकात एक-एक टाकत जायचं. मोठ्यांचे नियम गुंतागुंतीचे, हिशेब बारीक. लहानांनी फक्त टाकत जायचं. एका खळग्यात एक, दुसऱ्यात एक. तोंडाने 'ओण्णु, रेण्डु, मूणु', हाताने चिंचोका. तोंड आणि हात जुळले नाहीत तर चिंचोके संपतात आणि आकडे उरतात. शंभरपर्यंत पाठ म्हणणाऱ्या मुलाला समोरच्या सात बिया मोजता येत नाहीत असं पुष्कळदा दिसतं, कारण एका वस्तूला एकच आकडा ही गोष्ट जिभेला कळत नाही, बोटांना कळते. (तीन वर्षांच्या आतल्यांना चिंचोके देऊ नयेत, ते तोंडात, नाकात जातात. त्यांना तोंडात मावणार नाहीत अशा मोठ्या वस्तू द्याव्यात.)

हे सगळं महागड्या लाकडी साहित्याविना होऊ शकतं, हे आपल्याकडच्या माणसांनी फार आधी ओळखलं होतं. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाई गेले जून १९३९ मध्ये, आणि पाचच महिन्यांनी मॉन्टेसरी मद्रासला उतरल्या. ताराबाई १९४५ मध्ये मुंबई सोडून बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. साहित्य काय? बिया, पानं, शंखशिंपले, खडे, काड्या. रोममध्ये सुताराने घडवलेला दट्टा जे शिकवतो ते वारली पाड्यावरच्या लहानमोठ्या बिया शिकवू शकतात, फक्त त्या नीट निवडून, ओळीने मांडून ठेवणारी बाई हवी. ताराबाईंचं मोठेपण या निवडण्यात आहे. मुलाला काहीही हाती द्यायचं आणि त्याला खेळू द्यायचं, असा सैल कारभार त्यांचा कधी नव्हता.

कोसबाडच्या अंगणातली ती वाडी पुढे सरकारी योजनेत देशभर गेली, चेन्नईच्या वस्त्यांतही. त्या योजनेमागेही या शहरातलं एक नाव आहे. मीना स्वामीनाथन शाळेआधीच्या वयाच्या मुलांवर नेमलेल्या केंद्रीय अभ्यासगटाच्या अध्यक्ष होत्या. १९७२ चा त्यांचा अहवाल आला आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पुढे तरमणीच्या स्वामीनाथन प्रतिष्ठानात राहून त्या याच वयोगटासाठी काम करत राहिल्या. प्रेमा डॅनियल यांच्याबरोबर त्यांनी बालवाडीच्या बाईंना हाताशी धरता येईल असं खेळांचं साहित्य लिहिलं. २०२२ मध्ये त्या गेल्या. इथल्या महापालिकेच्या शाळांनीही २००३ मध्ये, आयुक्त एम. पी. विजयकुमार यांच्या पुढाकाराने, तेरा शाळांतून पहिली ते चौथीच्या मुलांना बाकांवरून उतरवून चटईवर आणलं. फळे मुलांच्या हाताला येतील इतके खाली आले, प्रत्येक मूल आपल्या गतीने कार्डं घेऊन पुढे जाऊ लागलं. काही वर्षांतच ते साऱ्या तमिळनाडूच्या सरकारी शाळांत पोचलं. गरिबांच्या शाळेने एवढं धाडस केलं, यासाठी मला या शहराचा फार अभिमान वाटतो.

एका बाबतीत मात्र मी मॉन्टेसरींच्या बाजूने नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना परीकथा, काल्पनिक प्राणी यांत फार रमवू नये, आधी खरं जग हाती द्यावं, असं त्यांचं मत होतं. गिजुभाईंनी हे ऐकलं नाही. त्यांनी मुलांसाठी गोष्टींचे ढीग लिहिले आणि गोष्ट सांगायची कशी याचं शास्त्रही मांडलं. मी गिजुभाईंच्या बाजूची. सरफोजीराजांनी तंजावरात १८०६ साली इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावलि' म्हणून मराठीत छापल्या. म्हणजे मराठी मुलांसाठीच्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक याच तमिळ भूमीत निघालं, आणि त्यात प्राणी बोलत होते. बोलणाऱ्या कोल्ह्याने मुलाचं खऱ्या जगावरचं पाऊल सुटत नाही. भातुकलीत खोटा भात वाढणाऱ्या पोरीला तो खोटा आहे हे पक्कं ठाऊक असतं, तरीही ती 'गरम आहे, फुंकून खा' असं बजावते. एकाच वेळी दोन जगं सांभाळायची ही ताकद मोठी आहे आणि ती याच वयात येते.

नवरात्रातला कोलू, म्हणजे बाहुल्यांची मांडणी, ही दोन्ही जगं एकत्र आणतो. विषम संख्येच्या पायऱ्या मांडायच्या; तीन, पाच, सात, नऊ. वर देव, मग संत, राजे आणि खाली रोजची माणसं: वाणी, फुलवाली, लग्नाची वरात. लाकडी मरप्पाची बाहुल्यांचं जोडपं तर हवंच. कागदात गुंडाळलेल्या बाहुल्या उलगडताना मुलं उंचीप्रमाणे रांग लावतात, जोड्या जुळवतात, कुणाचा हात मोडलाय ते शोधतात. पायऱ्यांच्या पुढ्यात जमिनीवर मुलांचं स्वतःचं गाव असतं. ताटात माती घालून नाचणी पेरतात, चार दिवसांत हिरवं लुसलुशीत शेत होतं. आरशाचा तुकडा म्हणजे तळं. तिथे मोठे हात घालत नाहीत.

आम्ही त्यापुढे दिवाळीचा किल्ला जोडला. आमच्या इमारतीतली मुलं नवरात्रातलं गाव उचलून ठेवतात आणि रोपवाटिकेतून आणलेली लाल माती मागच्या जागेत ओततात. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट. मामींचे नातू तटबंदी करतात, माझा नातू पाणी आणतो, अर्थात टंबलरमधूनच. नगरच्या माहेरी किल्ला दिवाळीभर उभा असायचा. इथे तसं होत नाही. चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्येकडून येणारा, आणि नेमका दिवाळीच्या तोंडावर एका रात्रीत किल्ला बसवतो. पहिल्यांदा सकाळी बुरूज चिखल झालेले बघून मी मुलांची समजूत काढायला खाली गेले. समजूत काढायची गरजच नव्हती. पाणी कुठून शिरलं ते बोटाने दाखवत ती वाद घालत होती. मोठ्याचं म्हणणं, चर खणायला हवा होता. दुसऱ्याचं, उतार जास्त झाला. माझ्या नातवाने वाहून आलेली माती मुठीत घेतली, पिळली आणि म्हणाला, "आजी, ही आधीपेक्षा मऊ आहे, हिचे मावळे होतील." त्या मातीतली जाड रेती पावसाने खरोखरच मागे ठेवली होती आणि बारीक गाळ पुढे आणला होता. दुपारपर्यंत ओळीने मावळे वळून झाले, डोक्यापेक्षा पगडी मोठी असलेले. चर खणायचं काम संध्याकाळी सुरू झालं, आणि तो कुठवर न्यायचा यावर तमिळ-मराठीत अजून एकमत व्हायचं आहे.